आप्पांच्या व्हायोलिनचा सांधा

पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आप्पांच्या व्हायोलिनचं पोट अर्धं उघडलेलं होतं आणि माझी सुरी आत अडकली होती.

“मिस्त्री, वर चला,” वसंत म्हणाला.

“सुरी निघू दे आधी.”

“मंग काढा ना!”

हिसडा दिला असता तर सुरी निघाली असती. सोबत पोटाचा वीतभर तुकडाही निघाला असता. मी दोन बोटांत मूठ धरून उभा होतो. नाकावरून घाम ओघळत होता आणि गढूळ पाण्याची एक जीभ उंबरा ओलांडून माझ्या चपलेपर्यंत आली होती.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा कारखाने उभे राहत होते. बाजारात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. ढोलकी, तबला, हार्मोनियम, भजनी मंडळांचे पखवाज हा रोजचा धंदा. व्हायोलिन क्वचितच यायचं, पण माझा हात बसलेला त्याच कामावर. मुंबईला एका गोव्याच्या मेस्तांकडे, म्हणजे कारागीर-उस्तादांकडे, मी उमेदीची वर्षं काढली होती. मी मुळात भित्रा माणूस. कुणाचं जुनं वाद्य हातात आलं की हत्यार लावायला धजत नाही. मेस्तांना माझं तेवढंच आवडायचं.

वसंत वसाहतीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. गाव पोलादपूरच्या अलीकडे, तिथल्या बौद्धवाडीत घर. आदल्या आठवड्यात तो व्हायोलिन घेऊन आला ते गोधडीत गुंडाळून.

“पेटी कुठाय याची?” मी विचारलं.

“घरी हाय. आप्पांना वाटतंय, व्हायोलिन पेटीतच हाय.”

आप्पा म्हणजे त्याचे वडील. त्यांना या भागात कोण ओळखत नव्हतं! तरुणपणी पलटणीच्या बँडमध्ये होते. पेन्शनीत आल्यावर वाडीवाडीच्या गायन पार्टीत बसले. जयंतीला, तळ्यावरच्या कार्यक्रमाला, कुणाच्या लग्नाला आप्पांचं व्हायोलिन असायचंच. गाणारे बदलत गेले, आप्पा तेच राहिले.

“आता वाजवत नायत,” वसंत म्हणाला. “दोन वर्सं झाली. कान गेले म्हनतात.”

“खरंच गेलेत?”

 वसंताने व्हायोलिन फिरवून उजव्या खांद्याखालची कड दाखवली. तिथे पिवळट, काचेसारख्या कसल्या तरी पदार्थाचा ओघळ गोठून बसला होता. बघताक्षणी माझं डोकं फिरलं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

झालं होतं ते असं. आप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे गेले होते. त्या पावसाळ्यात व्हायोलिनचा सांधा सुटला, पोट आणि बाजूची पट्टी यांच्यात फट पडली. आप्पा यायच्या आत दुरुस्त करून ठेवू, त्यांना बरं वाटेल, असं वसंताच्या मनात आलं. कारखान्यात रेझिन होतंच. लोखंडाला लोखंड चिकटवणारं, ॲसिडलाही दाद न देणारं. त्याने ते डबीतून घरी आणलं, फटीत भरलं, वरून दोरीने आवळून बांधलं.

“म्हटलं, परत कवाच सुटायला नको.”

आप्पा नव्या नजरेने घरी आले, लांबचं दिसायचं पण जवळचं धूसरच, त्यामुळे कडेचा ओघळ नजरेला आला नाही. त्यांनी व्हायोलिन लावलं, गज फिरवला आणि थांबले. आवाज लांबून येतोय, म्हणाले. परत सूर लावला, परत थांबले. डोळे परत आले आणि कान गेले, असं म्हणून त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. पार्टीला दुसरा माणूस बघायला सांगितलं. तेव्हापासून घरात कुणी काही बोललं की ‘आं?’ करायचे.

“ऐकायला येतंय त्यांना,” वसंत म्हणाला. “पन सोताच्या कानांवर भरवसाच उरला नाय.”

“अरे मग सांगायचंस ना त्यांना!”

“पयल्या दिवशी भ्यालो. दुसऱ्या दिवशी, काल का नाय सांगितला म्हनून भ्यालो. मंग तसंच होत गेला.”

 भिण्याच्या बाबतीत मी कुणाला शिकवण्याच्या लायकीचा नाही.

आता थोडं या वाद्याविषयी सांगायला हवं, नाहीतर मी का घाबरलो होतो ते कळणार नाही. व्हायोलिनला एकही खिळा नसतो. पोट म्हणजे वरची फळी, ती हलक्या, सरळ रेषांच्या स्प्रूस लाकडाची. पाठ मेपलची. दोन्हींच्या मध्ये पातळ वाकवलेल्या पट्ट्या, त्यांना आम्ही बरगड्या म्हणतो. हे सगळं जोडलेलं असतं सरसाने. जनावरांच्या कातडी-हाडांपासून शिजवलेला हा डिंक मुद्दाम बेताचाच लावतात. दमट हवेत लाकूड फुगतं, ताण येतो, तेव्हा आधी सरस सुटतो आणि लाकूड वाचतं. सांधा सुटला की परत सरस लावायचा. कोकणातल्या पावसाळ्यात हे चालायचंच.

वसंताने तो सुटणारा सांधाच दगडासारखा करून टाकला होता. आता ताण आला तर रेझिन हलणार नव्हतं. हलणार होतं ते लाकूड. स्प्रूस चिरतं ते रेषेवरून, पिकल्या काकडीसारखं, आणि चीर एकदा एफ-होलला, म्हणजे पोटावरच्या त्या वळणदार छिद्राला मिळाली की पोट गेलं. नवं पोट बसवता येतं. पण मग ते आप्पांचं व्हायोलिन राहत नाही.

मी चार दिवस त्याला हातच लावला नाही, नुसता बघत बसलो. पाचव्या दिवशी वसंत रात्रपाळी संपवून थेट दुकानात आला. बाहेर पाऊस कोसळत होता. “आज तरी करा,” म्हणाला. मी पातळ सुरी घेतली आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. जुना सरस सुटताना कोरडा, गोड आवाज येतो, टक टक टक. डावी बाजू सुटली, खालचा घेर सुटला, आणि सुरी जाऊन रेझिनला भिडली. तिथेच सावित्री नदीच्या पुराने गाठलं.

पूर महाडला नवा नाही. पाणी चढायला लागलं की बाजारातला माणूस न बोलता माल माळ्यावर टाकायला लागतो. मीही एरवी तेच केलं असतं. पण अर्धं उघडं व्हायोलिन म्हणजे दार एकाच बिजागरीवर लटकावं तसं. उचलताना नुसता झोल गेला तरी कड फाटणार.

“वसंता, तू पोट धर. दाबू नको, नुसता खालून आधार दे. मी सुरीसकट उचलतो.”

शिडी चढताना आम्ही दोघं एकाच वाद्याला चार हातांनी धरून होतो. वसंत उलटा, पाठीने वर चढत होता. पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं. खाली स्टुलावरची हार्मोनियम भिजत असल्याचं मला दिसत होतं आणि माझ्याने काहीच होत नव्हतं. वर पोचल्यावर व्हायोलिन गादीवर ठेवलं. मी परत खाली उतरून प्रायमस, काड्यापेटी आणि हत्यारांची पिशवी तेवढी आणली. समोरचा कापडवाला त्याच्या माळ्यावरून ओरडला, “मिस्त्री, कौलं काढायची तयारी ठेवा!” म्हणजे पाणी माळ्यापर्यंत आलं तर छपरावर निघायचं. मी हो म्हटलं खरं, पण व्हायोलिन घेऊन छपरावर कसं जायचं ते मला सुचेना.

खाली पाणी कमरेइतकं झालं असावं. दुरुस्तीला आलेली एक ढोलकी तरंगत येऊन शिडीवर हलके आपटत होती. माळ्यावर हवा अशी दमट की भिंतीला हात लावला तर ओला होई. आणि तेवढ्यात व्हायोलिनमधून आवाज आला. टिक.

वसंताने माझ्याकडे पाहिलं. “काय झाला?”

“लाकूड फुगतंय.”

टिक. परत आला. मी मरणाचा भ्यालो. पुराला नाही, त्या आवाजाला. उरलासुरला सरस दमट हवेने आपोआप सुटत होता आणि सगळा ताण त्या वीतभर रेझिनवर एकवटत होता. पूर ओसरायची वाट बघत बसलो असतो तर ते पोट आमच्या डोळ्यांदेखत चिरलं असतं. कापायचं तर आत्ताच. मी प्रायमस पुढ्यात ओढला, पण काड्या सादळल्या होत्या, माझ्याकडून एकही पेटेना. शेवटी वसंताने पेटवली.

“हे रेझिन गरम केल्यावर काय होतं?” मी विचारलं.

“रबरावानी होतं. पन गरम हाय तवरच. गार झाला की परत दगड.”

“मग सुरी तापवून बोटाच्या पेराएवढं कापायचं, थांबायचं, परत तापवायचं. तू धरून ठेव. हलायचं नाही.”

“मिस्त्री, माझा हात कापतोय.”

“माझापण कापतोय. बोलत राहू. बोलताना कमी कापतो.”

म्हणून सुरी तापेपर्यंत मी त्याला त्याच्याच घरातल्या व्हायोलिनची कुळकथा सांगत बसलो. आत एक छापील चिठ्ठी होती, एका जुन्या इटालियन कारागिराच्या नावाची. ती बघून माणसं हुरळून जातात. तिच्यावर जाऊ नये, अशा चिठ्ठ्या तिकडे गठ्ठ्यांनी छापत. हे व्हायोलिन जर्मनीतल्या सॅक्सनी भागातलं. तिथे गावंच्या गावं याच धंद्यात. एका घरात नुसती पोटं कोरायची, दुसऱ्यात पाठी, तिसऱ्यात माना, आणि शेवटी कुणी तरी सगळं जोडायचा. बनवणाऱ्याचं नाव विचारलं तर सांगणार कोण? अख्ख्या गावाचंच काम ते.

“आनि आप्पांकडं कसा आला?” वसंताने विचारलं. “बँडमास्तर गोरा होता, विलायतेला जाताना देऊन गेला, असं सांगतात.”

“त्याच्याआधी कुणाचं होतं ते बघ.” मी सुरी आत घातली. रेझिनचा घाणेरडा, तिखट वास आला, डोळ्यांत पाणी आलं. पेरभर कापलं गेलं. “इथे बघ, तार अडकवायच्या पट्टीच्या डाव्या अंगाला रोगण उडालंय. तिथे हनुवटी टेकायची. उभं राहून वाजवणारा माणूस. आणि मानेजवळच्या या खांद्यावर तळहात घासून घासून लाकूड उघडं पडलंय. पण फार वर, मानेला लागून. हात लहान होता. बाई असेल, नाही तर शिकणारी पोर.”

“गोऱ्याची बायको?”

“असेल. लाकूड एवढंच सांगतं, नाव सांगत नाही.” परत सुरी तापवली. परत पेरभर. “आता डोकं बघ, ही गुंडाळी. एका बाजूने गुळगुळीत, काळी पडलेली. हे कशानं?”

वसंताने पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. “पायानं. आप्पा मांडी घालून बसतात, तेचं टोक पायावर ठेवतात.”

“हां. जर्मनीतला माणूस असं कधी वाजवत नाही. हा डाग आप्पांचा. एवढी वर्षं हे लाकूड त्यांच्या पायावर टेकलंय. आधीच्या सगळ्यांनी मिळून गाळला नसेल एवढा घाम यात त्यांचा आहे.”

 खाली ढोलकी शिडीवर आपटत होती. मी प्रत्येक पेरानंतर थांबून कान देत होतो, कारण चिरण्याचा आवाज आधी अगदी बारीक येतो. दोनदा वाटलं, आला. दोन्ही वेळा पावसाचा थेंब होता, कौलातून गोणपाटावर पडणारा.

शेवटचा पेर उरला आणि माझी हिंमत संपली. मी सुरी खाली ठेवली. खरं सांगतो, उठून छपरावर जावं असं वाटलं.

“मिस्त्री,” वसंत म्हणाला, “फाटला तर फाटू दे. आता मीच सांगीन आप्पांना. फाटला तरी आनि नाय फाटला तरी.”

मी सुरी उचलली. शेवटचा पेर कापताना मोठा आवाज झाला, टक्क, आणि पोट वसंताच्या हातात सुटून आलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी कड पाहिली. बरगडीची एक ढलपी रेझिनला चिकटून गेली होती. पोटाला कडेपासून दोन बोटं लांब चीर पडली होती, एफ-होलच्या दिशेने. पण तिथे पोचण्याआधी थांबली होती. मी बोटाने तीनदा चाचपून पाहिलं, मग मला रडू आलं. लाज वाटावी असा मी रडलो.

आत काय होतं ते तेव्हा दिसलं. बाहेरून घोटून चकचकीत केलेलं वाद्य आतून ओबडधोबड. पटाशीचे घाव तसेच ठेवलेले, घाईच्या माणसांचं काम. आधाराची आतली पट्टी वेगळी न चिकटवता पोटाच्याच लाकडात कोरून ठेवलेली. मानेच्या बुंध्यात एक लोखंडी स्क्रू, पलटणीतल्या कुठल्या तरी सुताराचा. आणि पाठीवर वसंताच्या रेझिनचं थारोळं. ते फटीतून आत ओघळलं होतं. पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक बारीक काडी नुसती दाबाने उभी असते, साउंड पोस्ट. घोडीवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्यावरून, आवाज या काडीतून पाठीला पोचतो. माझे मेस्त तिला आल्मा म्हणत, आत्मा. ती काडी दोरीच्या आवळण्याने सरकून त्या थारोळ्यात तिरपी रुतली होती, चिखलात रोवलेल्या मेखेसारखी. आवाज लांबून येईल नाही तर काय?

संध्याकाळी पाणी उतरलं. खाली घोटाभर गाळ, हार्मोनियमचं भुसकट. ते दुःख वेगळं. आम्ही माळ्यावर कोरडी चादर पसरून व्हायोलिनचे भाग मांडून ठेवले आणि तिथेच पडलो.

सकाळी मी गाळ ओढत होतो. दारात एक म्हातारा उभा राहिला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, काखेत व्हायोलिनची काळी पेटी. आप्पा. एस.टी. बंद होती. काही वाट ट्रकने, काही चालत आले होते.

“वसंता हाय का हितं?”

“आहे, आप्पा. सुखरूप आहे.”

ते तिथेच उंबऱ्यावर बसले. श्वास लागला होता. “घर गळाय लागला म्हनून पेटी हलवाय गेलो,” ते म्हणाले. “हलकी लागली. कारखान्यात इचारला तर म्हनले, पाळी करून बाजारात गेला. व्हायोलिन घेऊन हा दुसरीकडं कुठं जानार?”

वसंत शिडीवरून उतरला. मला वाटलं, आता याची जीभ टाळ्याला चिकटणार. माझ्याच जिभेवर खोटं तयार होतं. एवढ्या हातांतून गेलेलं वाद्य, कुणा जुन्या मालकाने केला असेल हा उद्योग, एवढं म्हटलं की संपलं. पण वसंत बोलला. एका दमात सगळं. रेझिन, डबी, दोरी, दोन वर्षं.

आप्पांनी ‘आं?’ केलं नाही. ते शिडी चढून वर गेले, आम्ही मागून. चादरीवर मांडलेलं आपलं व्हायोलिन त्यांनी पाहिलं. पाठीचा भाग उचलला आणि रेझिनवरून, त्या तिरप्या काडीवरून बोट फिरवलं. नाकाशी नेऊन हुंगलं. घरी रोज वसंताच्या कपड्यांना तोच वास येत असणार. वसंत मार खायच्या तयारीने उभा होता, तिशीतला माणूस. मीसुद्धा भिंतीला टेकलो होतो.

“मिस्त्री,” आप्पा म्हणाले, “म्हंजे आवाज खरंच बिघडला होता?”

“हो. साफ बिघडला होता.”

“मला आईकला तो खरा होता?”

“अगदी खरा.”

त्यांनी दोन्ही हात आपल्या कानांवर नेले आणि हळू दाबले. “म्हंजे माजे कान शाबूत हायत,” ते म्हणाले. मग वसंताकडे बघून परत म्हणाले, जरा मोठ्याने, “आरं, माजे कान शाबूत हायत!” आणि ते हसायला लागले. वसंत मात्र मटकन खाली बसला आणि चादरीत तोंड खुपसून रडायला लागला. दोन वर्षं आपण बापाचं काय हिरावून घेतलं होतं ते त्याला तेव्हा समजलं. मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं असणार. आप्पांनी मारलं नाही.

काम दिवाळीपर्यंत चाललं. चिरेला आतून स्प्रूसची बारीक ठिगळं लावली, बरगडी जोडली, रेझिन खरवडलं, नवी आल्मा उभी केली, आणि पोट सरसाने बसवलं. आप्पांनी मांडी घातली, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवलं, गज फिरवला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बोलायची थांबली. आप्पा पुन्हा पार्टीत बसले.

पुढच्या पावसाळ्यात सांधा सुटला. बरोबर तिथेच. वसंत त्याच दिवशी व्हायोलिन घेऊन दारात हजर, आप्पा मागून येतच होते. “सुटला बघा!” वसंत इतक्या आनंदाने म्हणाला की मला हसूच आलं. मी सरस तापत ठेवला. कामाला तास लागला. पुढेही ते व्हायोलिन अधूनमधून येत राहिलं. सुटलेल्या सांध्याला मी कधी भ्यालो नाही. न सुटणारा सांधा दिसला की मात्र अजून भितो.